बागेतल्या लिंबाचं नाव

मी मूळची कुरुंदवाडची, शिकलगाराची लेक, नाव हुसेनबी. बाप सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचा आन् धार लावता लावता गिऱ्हाइकाशी बोलत बसायचा, तेच बोलणं माझ्या अंगात उतरलंय, तवा पावणं, तुमी थांबवलं तर थांबंन, आपणहून काय थांबायची न्हाय. लगीन होऊन कोल्हापुरात आले, मालक लौकरच अल्लाला प्यारे झाले, मग पोटासाठी पोरींच्या शाळंत चिकाटले. काम काय, तर गल्लीगल्लीतनं पोरी गोळा करायच्या, शाळंत पोचवायच्या आन् सांजच्याला जिच्या तिच्या दारात सोडायच्या. ह्याच महाराजांच्या राज्यातली गोष्ट, पर तवा महाराज गादीवर येऊन थोडीच वरसं झालती, आन् पोरीला एकटं रस्त्यानं कोण सोडतंय? एकेक पोर घरातनं भायेर काढायची म्हंजे माझं तोंड दुखायचं. आय म्हणायची भांडी कोण घासंल, आजी म्हणायची शिकून काय मामलेदार व्हणार हाय का. मी म्हणायची, व्हईल की, तुमचं काय जातंय.

शाळंच्या बाई पुण्याकडच्या. अंगानं काडी, पर आवाज खणखणीत. त्या म्हणायच्या झाड पुस्तकात बघून कळत न्हाय, आन् दर शनिवारी सकाळच्या पारी सगळ्या पोरींस्नी घेऊन टाऊन हॉलच्या बागंत जायच्या. त्याला वस्तुपाठ म्हणायचं. मला आदी वाटलं बाईंच्या डोस्क्यात ऊन गेलंय. झाड काय शिकायचं, झाड हाय की ते. पर काय सांगू तुमाला, घरात मान खाली घालून वावरणाऱ्या पोरी बागंत गेल्या की वेगळ्याच व्हायच्या. पान चुरगाळून वास घे, सालीवरनं हात फिरव, उंबर फोडून आतली चिलटं बघ, मग झाडाचं नाव सांग आन् फुडं चल, अशी बाईंची रीत. मलाबी गोडी लागली. पोरी राखायला म्हणून मी जायची, आन् पोरींच्या आदी माझंच नाक पानाला.

त्यात गोदी म्हणून एक पोर व्हती, आमच्याच गल्लीतली, सगळ्यांत हुशार. त्या उन्हाळ्यात तिचं लगीन झालं, शिरोळच्या शेतकऱ्याच्या घरात दिली. मी गेलते की लग्नाला, बाई मात्र सुट्टीत गावाकडं. नांदायला जायला अजून उशीर व्हता, म्हणून पोर शाळंत येत व्हती. पर सासऱ्याच्या कानावर गेलं की पोरींस्नी बागंत हिंडवत्यात. त्यानं गोदीच्या बापाला निरोप धाडला, ही कसली शाळा, परीक्षंच्या दिवशी मी सोता येतो, पोरीला काय येत असंल तर शिकू दे, न्हायतर त्याच दिवशी शिरोळला घेऊन जातो. गोदी रातभर रडली आसंल, सकाळी डोळं सुजलं व्हतं. मी तिला म्हणलं, रडतीस कशाला, तुला समदी झाडं पाठ हायत की.

परीक्षा घ्यायला डिपोटी साहेब आलं. बाईंनी परीक्षा बागंतच ठेवलेली. सासरा भला मोठा पटका बांधून आमच्या मागनं चालत व्हता. गोदीनं चिंच सांगितली, वड सांगितला, उंबर सांगितला, आतली चिलटंबी सांगितली. साहेब खूश. फुडं एका झाडाखाली निंबोळ्यांचा सडा पडलेला. साहेब म्हणालं, ह्या झाडाचं नाव सांग.

पोरीनं पदर तोंडाला लावला.

बाई म्हणाल्या, गोदे, येतंय की तुला, नाव सांग. पोरीनं मान जी खाली घातली ती वर करंना. म्हणाली, कडू झाड. साहेब म्हणालं, कडू म्हंजे काय, नाव सांग. बाईंचं तोंड उतरलं. सासरा खाकरला. आन् माझ्या एकदम ध्यानात आलं, आगं बया, हिच्या नवऱ्याचं नाव लिंबाजी. नवऱ्याचं नाव तोंडातनं कसं काढंल ती, तेबी सासऱ्याच्या मोरं? काढलं तर बेशरम, न काढलं तर अडाणी, दोन्हीकडनं शाळा सुटली. आमच्यातबी मालकाचं नाव घेत न्हाईत, म्हणून मला कळलं.

साहेब मागं वळणार, तेवढ्यात मी मोठ्यानं म्हणलं, गोदे, नाव सांगू नको. नाव घे.

बाईंनी माझ्याकडं बघितलं, मग पोरीकडं, आन् कपाळाला हात लावला. गोदीनं पदर सावरला, एक निंबोळी उचलली, आन् हळदीकुंकवाला घ्यावा तसा उखाणा घेतला:

कातरलेलं पान, वर निंबोळ्यांचा घोस,
लिंबाजीरावांचं नाव घेते, शाळंला धाडा रोज.

साहेब हसलं. सासरा हसला न्हाय. खाली बघत हुबा ऱ्हायला, पटका नीट केला, आन् बाईंस्नी म्हणाला, रोज म्हंजे आइतवारीबी व्हय?

गोदी शाळंत ऱ्हायली. नांदायला गेली ती चांगली लिहाय-वाचाय शिकून गेली.

आता माझ्यानं चालवत न्हाय, पोरी गोळा करायला दुसरी बाई हाय. मागल्या माघात भाचीकडं कुरुंदवाडला जाताना शिरोळला गोदीकडं उतरले. बघते तर काय, मळ्यातल्या पोरापोरींची रांग लावलेली आन् गोदी एकेक झाड दावत चाललेली. बांधावरच्या लिंबाजवळ आली आन् थांबली. गोठ्याकडं बघून हाक मारली, अवो, सांगा की ह्यांस्नी. मिशीवाला गडी वैरणीची पेंढी खाली ठेवून आला, पोरांच्या मोरं हुबा ऱ्हायला आन् म्हणाला, लिंब. पोरं हसली, तोबी हसला, पेंढी उचलून माघारी गेला. रोजचंच हाय म्हणं हे.

माझे डोळे भरून आले, पावणं. मी तितंच हात वर केले. म्हणलं, अल्ला, ह्या माणसाला लय आयुष्य दे. न्हायतर पोरांस्नी लिंबाचं नाव सांगणार कोण.