फरशीवाल्या ताईंची रिकामी गाडी

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपले अधीक्षकसाहेब, व्यासपीठावरचे हिशेबविभागाचे प्रमुख, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या ताई आणि समोर बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मी आपल्या रुग्णालयाच्या रुग्णवाहिका नियंत्रण कक्षात फोन घेणारी बाई. समोर माणसं दिसली की माझी बोबडी वळते. तेव्हा सांभाळून घ्या.

ताईंना आपण फरशीवाल्या ताई म्हणतो. का बरं? म्हातारं माणूस पडल्याचा फोन आला, की ताई छोटी गाडी घेऊन निघतात आणि घरात शिरल्या की पडलेल्याच्या शेजारी खुशाल फरशीवर बसतात! एक शिंपीकाका न्हाणीघराच्या दारात आडवे पडले होते. त्यांनी विचारलं, "काय हो, तुम्हीपण पडलात की काय?" ताई म्हणाल्या, "हो ना. चला, दोघं मिळून उठू." तपासलं, तर हाडं शाबूत. मग आधी कुशीवर वळायचं, मग गुडघ्यांवर यायचं, मग खुर्चीचा आधार घ्यायचा, असं करत काका आपले आपण उठले. सून "दवाखान्यात न्याच" म्हणून हटून बसलेली. ताईंनी तिलाच निसरडं पायपुसणं उचलायला लावलं, दाराशी धरायला दांडी बसवून घ्यायला सांगितलं आणि गाडी रिकामी परत आली.

त्या रिकाम्या गाडीतच तर सगळी बचत आहे, साहेब! माझी आई पडली तेव्हा ताई दुसरीकडे गेल्या होत्या. साधी रुग्णवाहिका गेली आणि नियमाप्रमाणे आईला उचलून इथे घेऊन आली. त्यांचा काही दोष नाही. हाड एकही मोडलं नव्हतं. पण तपासण्या झाल्या, खाट अडली, आणि पडून पडून पायातलं बळच गेलं. चालतीबोलती बाई आम्ही चाकाच्या खुर्चीत बसवून घरी नेली. रुग्णालयाचा खर्च झाला तो झालाच, वर आईचे पायही गेले. आत्ताही ती घरी एकटी आहे. कुणी नसलं की त्या खुर्चीतून उठायला बघते. माझा जीव टांगणीला लागलाय हो.

आणि आता ऐकते, ताईंबरोबर गाडीही बंद होणार. का, तर पडून दाखल होणारे म्हातारे कमी झालेत, मग वेगळी गाडी कशाला पोसायची? हिशेबप्रमुखांची बेरीज चुकलेली नाही. ते स्वतःच मला म्हणाले, "न आलेल्या पेशंटचा वाचलेला खर्च मी कुठे दाखवू?" खरंच आहे त्यांचं. पण छत्रीमुळे भिजलो नाही, म्हणून छत्री कुणी टाकून देतं का?

ताई, तुम्ही सुखाने जा, असं म्हणायला हवं. पण तोंडातून निघतच नाहीये. आम्हाला सोडून चाललात म्हणून रागच आलाय तुमचा. तुम्ही शिकवलेल्या दोघीजणी मागे बसल्यात, डोळे पुसताहेत. त्यांच्या हाती गाडी द्यायला काय हरकत आहे?

साहेब, सोमवारी फोन वाजेल. पलीकडून कुणीतरी म्हणेल, "बाई, मी पडलेय, उठता येत नाही, ताईंना पाठवता का?" कदाचित माझीच आई असेल. मी काय सांगू तिला?

आपण सगळ्यांनी ऐकून घेतलंत, मनापासून आभार. भावनेच्या भरात अधिकउणं बोलले असेन, तर पोटात घाला. फक्त आज मी खाली बसणार नाही. साहेबांचं उत्तर येईपर्यंत इथेच उभी आहे.