त्या गाडीला साबणपाणी लागलंच नाही

समारंभाचे अध्यक्ष मादाली अक्सकाल, मंचावर बसलेले गॅरेज गल्लीतले वडीलधारे कारागीर, आज मानाचा चापान अंगरखा पांघरून ज्यांना आपण निरोप देतो आहोत ते शेरमात उस्ता, आणि नारिनकर भावा-बहिणींनो, सर्वांना माझा सलाम.

मला पाच मिनिटं दिली आहेत. माझं बोलणं वाट सोडतं, तेव्हा अध्यक्षांनी लगाम ओढावा.

उस्तांनी एकतीस वर्षं गाड्यांच्या धुराच्या नळ्या दुरुस्त केल्या. नळीच्या तोंडातून हवा भरायची, सांध्यांवर साबणपाणी मारायचं. बुडबुडा आला की फट सापडली. मी भटकत इथं आलेला, शाळेत न टिकलेला. मला यंत्र लावून गाडीतला इशाऱ्याचा दिवा विझवायची घाई. ते म्हणायचे, "गाढवा, सेन्सरला कशाला शिव्या देतोस? फटीतून बाहेरची हवा शिरतेय, तेच तो सांगतोय. तू गाडी बरी करतोस की दिवा?"

एवढी गंमत सांगून बसणार होतो.

दोन हिवाळ्यांपूर्वी अब्दिलासदादांची टॅक्सी आली. उस्ता मला म्हणाले, सांधे तपास, मगच सोड. त्या दिवशी मैदानावर उलाकचा, घोड्यांवरून बकरा हिसकावायचा खेळ होता. काय घोडे आले होते, त्यातला एक करडा तर... असो. मी साबणपाणी मारलंच नाही. यंत्राने दिवा विझवला, गाडी तयार म्हणालो आणि खेळ बघायला पळालो.

घाटात हीटर चालू होता. दादा सिगारेटसाठी काच खाली करून होते, म्हणून वाचले. त्यांच्या बायको, बुरूलवहिनी, मागच्या सीटवर झोपल्या होत्या. नळीच्या फटीतून धूर आत येत राहिला. कोचकोरला पोचल्यावर त्या उठल्या नाहीत.

मातीच्या दिवशी उस्ता सगळ्यांसमोर म्हणाले, "त्या गाडीवर हात माझा होता." मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुझं अजून सगळं व्हायचंय. तोंड उघडू नकोस." मी नाही उघडलं. गिऱ्हाईक तुटलं, लोक त्यांना बघून वाट बदलू लागले, आणि मी त्यांच्याच घरी जेवत राहिलो. आज ते मुलीकडे तलासला निघालेत. वय झालं म्हणून, असं आपण सगळे म्हणतोय. खरंच वय झालं म्हणून?

उस्ता, खुणावू नका. बसणार नाही मी.

आयोजकांचे, पुलाव रांधणाऱ्या आयाबायांचे आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. त्या गाडीचं पोटात घाला म्हणायला मात्र जीभ रेटत नाही. अब्दिलासदादा, दोन वर्षं तुम्ही उस्तांचा सलाम घेतला नाही. त्यांची गाडी चारला सुटते. त्याआधी तेवढा सलाम घ्या. मग माझ्याकडे या. मी इथेच उभा आहे.