हाकेला येणारे मासे

सायली : आई, सकाळी किती मेले? खरं सांग.

चतुराबाई : एक बी नाय. कोण म्हणलं तुला?

सायली : आबांचा फोन आला, म्हणून तर कॉलेजातले तास सोडून संभाजीनगरहून पळत आले. आबा, तुम्हीच सांगा.

काकासाहेब : मला मधी घालू नको बाई. मोसंबीच्या बुडाला नवी माती दिसायली, ती तुझी तू बघ.

सायली : पुरलेस तू, आई?

चतुराबाई : मग काय कुत्र्यापुढं टाकू? थोडेच होते. म्हातारे झाले असतील.

सायली : दोन वर्षांत म्हातारे? अगं, तळ्याच्या मधोमध बघ. सगळे तोंडं वर काढून बसलेत.

चतुराबाई : भुकेजलेत.

सायली : भूक नाही ती. त्यांना श्वास पुरत नाही. दोन सालं पाऊस नाही, शेततळ्यात गुडघाभर पाणी राहिलं, अन् त्यात एवढे जीव. ऊन असतं तोवर पाण्यातलं शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्री तेच उलटं ओढायला लागतं. आज तर दिवसभर आभाळ. पहाटेपर्यंत एक मासा राहणार नाही.

काकासाहेब : कालची रात मोटार फिरवून पाणी उडवत बसलो. लाईट गेली अन् लागले की पांढरी पोटं वर करून तरंगाया.

चतुराबाई : मग टँकर बोलवा.

काकासाहेब : गावाला प्यायला टँकर येईना, अन् मी माशाला आणू? लोक चपलांनी हाणतील.

चतुराबाई : पैठण रोडला इमारतीवर इमारत उठायली. चितेगावच्या कंपन्यांत रोज नवी माणसं उतरायलीत. त्या समद्यांना पुरतं पाणी, अन् माझ्या माशांनाच तेवढं मोजूनमापून व्हय?

सायली : शहर धरणातून पाणी ओढतं, आई. नाही पुरलं तर आणखी लांबून ओढतं. अन् तेही नाही जमलं, तर माणूस उठून दुसरीकडं जातो. आपली निम्मी भावकी नाही का गेली वाळूजला? माशांना तळ्याच्या बाहेर जागाच नाही. जेवढं पाणी असेल तेवढेच जगणार.

चतुराबाई : आणले तवा का नाय सांगितलंस हे? मासे धरणाऱ्या कडूबानं घागरभर चिलापी मासे आणून सोडले, तवा तूच नाचत होतीस, डास कमी होतील म्हणून.

सायली : तेव्हाच म्हटलं होतं मी, काही बगळे खातील, काही आपण काढू, बाकीचे बेतात राहतील. तू वरून जाळी बांधलीस.

चतुराबाई : डोळ्यांदेखत गिळायचा मेला बगळा. नाय बघवलं मला.

सायली : अन् मागच्या उन्हाळ्यात कडूबाकाका जाळं घेऊन आले, तर त्यांना बांधावरूनच परत पाठवलंस.

चतुराबाई : पाठवीन नाय तर काय! अगं, चिलापीची मादी पिल्लं तोंडात धरून फिरती. मी बघितलंय ह्या डोळ्यांनी. दाणा टाकला तरी तोंड उघडत नाय, उपाशी राहती बिचारी. गळ्यात माळ घालून मी तिला कापायला देऊ?

सायली : म्हणूनच एकही पिल्लू मेलं नाही, आई. ना पाखरानं नेलं, ना माणसानं. सगळी जगली, वाढली, त्यांना पुन्हा पिल्लं झाली. खाणं मात्र तेवढंच, अन् पाणी तर आटतच चाललंय. दोन सालांचा मासा, अन् तळहाताएवढा! इथं कुणाचंच पोट धड भरलं नाही कधी.

चतुराबाई : म्हणजे मीच मारलं म्हण.

काकासाहेब : तसं नाय म्हणायली ती.

चतुराबाई : तसंच म्हणायली. कळतंय मला.

सायली : मी एवढंच म्हणते, आज निम्म्याच्या वर काढले तर बाकीचे पावसाळा बघतील.

चतुराबाई : काढून सोडायचे कुठं? धरणात?

काकासाहेब : ह्या उकाड्यात पिंपात घातले तर पैठणपर्यंत शिजून निघतील. कडूबा बाजारात नेणार. उगं खोटं कशाला बोलायचं.

चतुराबाई : मग बोलवा त्याला. ओढू द्या जाळं. मी घरात जाऊन दार लावून बसते.

सायली : जाळं ओढता येत नाही आता.

चतुराबाई : का?

सायली : तळाचा गाळ ढवळला तर आहे तोही प्राणवायू संपेल. काढलेले जातील अन् ठेवलेलेही जातील. काठाशी आपसूक गोळा झाले, तरच अलगद उचलता येतात.

चतुराबाई : मग कर की गोळा. शिकलेली हायेस.

सायली : मघाशी कोंडा टाकून बघितला. एक हलला नाही.

काकासाहेब : माझा खोकला ऐकला तरी उलटे पळत्यात.

चतुराबाई : म्हणजे... हाक मी मारायची?

सायली : हो.

चतुराबाई : मी हाक मारायची, ते यायचे, अन् कडूबानं उचलायचे.

सायली : हो, आई.

चतुराबाई : अन् जे भित्रे हायेत, यायचे नायत, ते वाचायचे.

सायली : हो.

चतुराबाई : माझ्यावर जीव टाकणारेच जाणार म्हण की! लाज नाय वाटत तुला, आईला असलं सांगायला?

सायली : वाटते ना. वाटेत दोनदा गाडी थांबवली मी. माघारीच जावं वाटलं.

काकासाहेब : अगं, तुला जमत नसलं तर नको. उद्या सकाळी मोठा खड्डा खांदीन मी. दुसरं काय.

चतुराबाई : तुम्ही गप बसा... कडूबा कुठाय?

सायली : लिंबाखाली बसलेत. म्हणाले, वहिनी स्वतः बोलावतील तेव्हाच येईन.

चतुराबाई : बोलव त्याला. अन् सांग, जिचं तोंड फुगलेलं दिसंल तिला सोडायची. पिल्लंवाली असती ती.

सायली : आई, पण त्याच राहिल्या तर पुढच्या साली पुन्हा...

चतुराबाई : सोडायची म्हणलं ना!

सायली : बरं. पण मग वरची जाळी काढावी लागेल. पाखरांना येऊ द्यावं लागेल.

चतुराबाई : काढा. मी बघायला येत नाय.

(कडूबा हातातलं छोटं जाळं घेऊन, पाणी न वाजवता काठाशी उतरतो. चतुराबाई कडेला बसते.)

चतुराबाई : या रं. या बाळांनो, या. आला बघा शेपटी तुटलेला. रोज ह्योच पयला. या... या...

काकासाहेब : कडूबा, दमानं.

चतुराबाई : या. अजून किती, सायले?

सायली : अजून लागतील. मार हाक.

चतुराबाई : या रं माझ्या सोन्यांनो. या... या...

सायली : बास. आई, बास झालं. ऐकलंस का? उरलेल्यांना पुरेल आता. थांब.

चतुराबाई : मोकळं दिसाय लागलं की तळं.

काकासाहेब : ऊठ. हात दे इकडं. चल घरी.

चतुराबाई : सायले, उद्यापासून कोंडा टाकायला दुसरं कुणीतरी बघ. मी नाय यायची काठावर.

सायली : असं काय करतेस? राहिलेत ते भित्रे आहेत, पण हळूहळू सरावतील की तुला.

चतुराबाई : म्हणून तर म्हणते.