आपलंच घर समजा

सेन्सॉरशिपचं तुम्ही मला काय सांगता! आमच्या आयर्लंडमधल्या लिमरिकच्या मराठी वाचक मंडळाचे अध्यक्ष डॉ. कर्णिक यांनी परवा आधुनिक चेक कादंबरीवर भाषण ठोकलं. माझ्या हॉस्पिटलच्या वॉर्डातली याना नावाची फिजिओथेरपिस्ट मूळची प्रागची, म्हणून मी तिलाही घेऊन गेलो. दारातच कर्णिक हात जोडून तिला इंग्रजीत म्हणाले, "आपलंच घर समजा हं!"

मग तासभर साहेब जे सुटले! अडुसष्ट साली प्रागमध्ये रशियन रणगाडे कसे शिरले, कादंबऱ्यांवर बंदी कशी आली, लोक कार्बन लावून टाइप केलेल्या प्रती चोरून कशा वाचायचे. मी यानाच्या कानात भाषांतर करत होतो. "सत्तेला प्रश्नांची भीती वाटते!" म्हणताना तर कर्णिकांनी टेबलावर मूठच आपटली.

मी हात वर केला. "सर, यातली कुठली कादंबरी तुम्ही स्वतः वाचलीय?"

"प्रश्न आधी लेखी मागवले होते. समितीने त्यातले दोन निवडलेत."

"समितीत कोण आहे?"

"मी."

दोन्ही प्रश्न त्यांच्या बायकोने विचारले. चहा येईपर्यंत मला मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढलेलं होतं.

निघताना कर्णिकांनी यानाला विचारलं, "कंटाळा नाही ना आला?"

"छे! घर समजा म्हणालात ना? आजी सांगते त्या काळातलं आमचं घर अगदी असंच होतं."

कर्णिकांनी हे कौतुक समजून ग्रुपवर टाकलं. मला ते एकाने चोरून पाठवलं.