गाडीखालची जागा

माहा जलम धनजचा. लग्नाच्या वयात इकडं मानोऱ्याले आलो अन् रशीदचाचाच्या हाताखाली सवारीची जीप शिकलो, तवापासून मले सारे नामदेव डायवरच म्हन्तात. चाचा काही सोदा मानूस नोहता, पन गाडीच्या बाबतीत लय खडूस, बापा. सकाळी रस्त्याले लागाच्या आंधी मले मातीत आडवं पाडे. म्हने, नाम्या, गाडी पुढं घे अन् ती जिथं उभी होती ते जागा पाह्य, रातभर तिनं काय गाळलं ते पाह्य, अन् मंगच सवारी बसव.

काय सांगू तुमाले, तो चाचा त्याच्यातच गेला. पावसाळ्याचे दिवस, ष्टँडवर निरा चिखुल, साऱ्या गाड्यायखाली पानी. चाचानं वाकून पाह्यलं, म्हने, सारंच वलं हाये, यात काय दिसनार हाये, अन् निंगाला. वाशीम रोडच्या उतारावर ब्रेक दाबला त पायाखाली काहीच नाई. सवाऱ्या इकडं तिकडं फेकल्या गेल्या, वाचल्या. चाचा स्टेरिंगमंधी राह्यला. मी मांगच्या गाडीत होतो, मीच काढला त्याले. अजूनई तो उतार आला का माहा पाय आपोआप दाबल्या जाते, बसमंधी बसलो असलो तरी.

आता माही पोरगी मनीषा, एकुलती एक, वाशीमले दवाखान्यात नर्स हाये. औंदा लायसन काढलं, जुनी गाडी घेतली, रोज येकटी जाते. म्हंजे रोज तोच उतार. चहा घ्या ना, थंडा होऊन राह्यला. तर मी तिले सारं शिकवलं. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकन खोलू नको, तोंड भाजते. त्यात हिरीचं पानी टाकू नको, आपल्याकडच्या पान्यानं आतून खार धरते. टायरात हवा थंड्या गाडीत पाह्याची. अन् खाली पाह्याचं. काळं दिसलं त इंजिनचं ऑइल, सामोर नुसतं पानी असलं त एसीचं, त्याले भ्याचं नाई. पन चाकापाशी पिवळसर, बोटाले घसरनारं दिसलं, त मंग चावी बापाच्या हातात द्याची अन् बसनं जायाचं. ते ब्रेकचं ऑइल. पोरगी सारं आयकते. उलटून बोलत नाई कधी.

आयकत नाई ते तिची माय. रोज पहाटे शेनाचा सडा टाकते, आंगनात अन् थेट गाडीखालीई, चाकासामोर रांगोळी काढते. म्या हज्यार डाव सांगतलं, बाई, तेवढी गाडीखालची जागा कोरडी ठेव. ते म्हन्ते, गाडी लक्षिमी हाये, लक्षिमीच्या पायाखाली सडा नाई टाकू? आता याले काय बोलाव? मांगच्या हप्त्यात ब्रेक ऑइलची डबी जराशी उतरल्यासारखी दिसली मले, म्या भरली, खाली वाकून पाह्यलं, त सारं शेनाच्या पान्यानं वलं. काही समजेच ना. तवापासून डोक्यात भुंगा लागला, झोप येत नाई मले.

आज बाकी पोरीची माय भावाकडं गेली शिरपूरले. सडा नाई. मी पहाटे वावरात गेल्तो, आलो त पोरगी निंगून गेली होती, अन् तुमी दारात उभे. चला ना, पाह्याचं कसं ते तुमाले दाखवतोच. हे पाहा, इथं गाडी उभी राह्यते. हे इंजिनची बाजू, कोरडी हाये. हा एसीच्या पान्याचा डाग, वाळला. अन् हे मांगचं चाक…

थांबा. पाय नका ठेवू.

बोट लावून पाहा. वाळलं का? पानी असतं त आतालोक उडून गेलं असतं. हे घसरून राह्यलं. अन् हे जुने डाग पाहा, शेनाखालून वर आले, म्हंजे रोजच गळत होतं, रोजच झाकल्या जात होतं. पोरीनं वाकून पाह्यलं असन, पन तिले आजई सड्याचंच वलं वाटलं असन. अरे देवा. किती वाजले? ते उताराच्या अलीकडंच असन अजून, अलीकडंच असन.

घंटी वाजून राह्यली. उचलत नाई. उचलनारच नाई ते, म्याच शिकवलं तिले, गाडी चालू असताना बापाचा फोन आला तरी हात लावाचा नाई. काढा तुमची फटफटी, मी मांगं बसतो, लावतच राह्यतो. देवा, पोरीले सांभाळ माह्या.

उचल माय. आज येक डाव बापाचं आयकू नको.