तीनवरचा अर्धा गुण

हॅलो?… कोण, क्लेटन?… अरे मोठ्यानं बोल, इथे स्टेडियमच्या पार्किंगमध्ये कॉलेजचा बँड वाजतोय… हो, आले मी. गाडीमागे शेगडी मांडलीय, राजमा-खिम्याचं पातेलं चढवलंय… हो, तुझ्या वाटणीचंही आहे. टोबीच म्हणाला, बाबांना जेवायला बोलाव. घटस्फोट माझा झालाय तुझ्याशी, त्याचा थोडाच.

…काय विचारायचंय?… अर्धा गुण?

हे बघ, पैजेच्या खिडकीमागे हयात गेली माझी, म्हणून सांगते. कॅसिनो कच्च्या संघाला आधीच तीन गुण देऊन ठेवतो. तू त्या संघावर लावलेस आणि तो बरोबर तीननं हरला, तर तुझे पैसे परत, ना नफा ना तोटा. अर्धा विकत घेऊन साडेतीन केलेस, तर त्याच हारीवर तू जिंकलास… हो, हो, ऐक ना. तीनवरच घ्यावा. चारवर, पाचवर घेणारे गाढव असतात, त्या फरकानं सामने संपतातच कुठे? तीननं मात्र नेहमी संपतात, कारण शेवटी कोणीतरी खांबांमधून एक किक मारतो, आपला टोबी मारतो तशी, तिचे तीन गुण… भाव? शंभर जिंकायला एरवी एकशे दहा लावतोस, अर्ध्यासाठी एकशे वीस मागितले तर दे… एकशे पस्तीस? ती लूट आहे रे. कोण देतं एवढे?

…कुठला सामना?

…क्लेटन, ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. कुठला सामना?

…आजचा.

…थांब जरा. आपल्या पोरांना कोण तीन गुण देतंय, त्यांचंच तर पारडं जड आहे… म्हणजे पाहुण्यांवर लावलेस. टोबीच्या विरुद्ध.

…'अगं अगं' करू नकोस मला. का लावलेस?… घोटा? टोबीचा?… कधी सांगितलं त्यानं?… परवा, फोनवर.

कोचला नाही सांगितलं. मला नाही सांगितलं. बापाला सांगितलं, की बाबा, घोटा दुखतोय. आणि बाप उठून खिडकीवर गेला.

…नाही, आता तू ऐक. घोटा दुखून त्याची किक चुकली, तर तू जिंकलास. आणि दुखऱ्या पायानं पोरानं शेवटची मारून तीननं जिंकवलंच, तर तेव्हाही नुसते पैसे परत नकोत, जिंकायचंच, म्हणून वर हा अर्धा गुण. शी. लोक आगीचा विमा उतरवतात, तू पोराच्या यशाचा उतरवलास. किळस येते रे मला, खरंच येते.

…कोणाला कळतंय म्हणे. पैज तुझ्या नावावर आहे ना? तेच आडनाव त्याच्या पाठीवर आहे. खेळाडूनं दुखण्याची खबर फोडली आणि घरच्यांनी त्यावर पैसे लावले, तर संघातून काढतात, शिष्यवृत्ती जाते… हो, माहीत आहे मला, त्यानं काही फोडलं नाही. पण ते चौकशीत कोण सांगणार, तू?

…रद्द होत नाही ते, मला नको शिकवूस. तिकीट फाडलंस तरी त्यांच्या मशीनमध्ये राहतंच.

…मग लावून मोकळा झालास, तर मला विचारलंस कशाला?… महाग पडला का, एवढंच. बरं. महाग पडला.

…नाही, जेवायला येऊ नकोस. पातेलं मी शेजारच्या गाडीवाल्यांना देते… आहेस कुठे तू?… आत बसलायस? त्यानं दिलेल्या पासवर?

…काय?… कोण हात करतंय?… टोबी? मैदानातून, तुला?

…मग कर की तूही.

…क्लेटन, हात वर कर. बघतोय तो… ठेवते मी. आणि लंगडतोय का, ते बघू नकोस.