गीझर लागला की जिना बोलतो

डिसेंबरची थंडी होती. बैरूतच्या बेकरीत वदीहच्या पुढं दोन शेजारणी रांगेत होत्या. त्यानं मान वळवली, कान तिथंच ठेवले.

“नजला, गीझर बसवलास म्हणे?”

“बसवला! लावला की बिल्डिंगच्या जनरेटरचा खटका पडतो, सगळीकडे अंधार. मग जिन्यातून सगळे ओरडतात, ‘नईमन!’”

“न्हालेल्या माणसाला म्हणायचंच असतं गं.”

“परवा माहेराहून आले, तर जो तो माझ्या नवऱ्याला ‘नईमन’ म्हणतोय! भरदुपारी न्हाला मेला!”

“मग बिघडलं कुठं?”

“लग्न झाल्यापासून ढकलल्याशिवाय कधी न्हाणीत गेलाय का तो?”

“अगंबाई! मग?”

“गीझरचा फ्यूज माझ्या पर्समध्ये आहे. आता गार पाण्यानं न्हाऊन जा म्हणावं तिच्याकडे!”